उत्तर कोरियातील राजवट केवळ भक्तीवर टिकलेली नाही

उत्तर कोरियातील जनता किम घराण्याला देव मानते, म्हणून ती राजवट टिकून आहे, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. प्रचार तेथे बालपणापासूनच सुरू होतो, हे खरे. परंतु १९९०च्या दशकात सरकारी शिधावाटप कोलमडून लाखो माणसे भुकेने मेली, तेव्हा अनेकांना तारले ते लोकांनीच उभ्या केलेल्या बाजारांनी. २००९ साली सरकारने वोन या तेथील चलनाचे १०० जुने वोन घेऊन १ नवा वोन देऊन आणि नोटा बदलून घेण्यावर मर्यादा घालून बाजारांतल्या या लोकांची बचत बुडवली, तेव्हा रोष इतका वाढला की काही महिन्यांतच बाजारांवरील निर्बंध सैल करावे लागले.

सत्तेचा खरा आधार वेगळा आहे. ‘सोंगबुन’ या वर्गवारीत आजोबांच्या निष्ठेवरून नातवाचे शिक्षण, नोकरी आणि प्योंगयांगमध्ये राहण्याची मुभा ठरते. ‘इन्मिनबान’ हा शेजारगट घरोघरच्या पाहुण्यांवरही लक्ष ठेवतो. आणि एकाच्या राजकीय गुन्ह्यासाठी सारे कुटुंब कैद्यांच्या छावणीत जाऊ शकते, त्यामुळे मनातून संतापलेला माणूसही गप्प राहतो. त्या मौनाला भक्ती म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वरिष्ठांनाही अभय नाही: २०१३ मध्ये किम जोंग उन यांच्या आत्याचे पती चांग सोंग थेक यांनाच देहदंड देण्यात आला.