सकाळी आखडलेली, दुपारी मोकळी पाठ: नोकरीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज येऊन पुढे मणके जुळू शकणाऱ्या आजारात, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास, कधी तास-दोन तास आखडलेली असते. हिंडूफिरू लागलं की ती मोकळी होते, बसून राहिलं की पुन्हा धरते. कामाच्या ठिकाणी नेमकं हेच पटत नाही. सकाळी उशिरा आलेला माणूस दुपारी सहज वावरताना दिसतो आणि त्याच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. या अविश्वासाला वैद्यकशास्त्राचाही हातभार लागला आहे.

बेख्तेरेव्ह (१८९३), श्ट्रुंपेल (१८९७) आणि पिएर मारी (१८९८) या डॉक्टरांनी आजाराचं वर्णन केलं तेव्हा डोळ्यांपुढे होते ते मणके जुळून वाकलेले रुग्ण. पुढे कित्येकांना प्लास्टरमध्ये निजवून ठेवलं गेलं. पाठ दुखते तर विश्रांती द्या, हा त्यामागचा विचार. पण सुजेचे सांधे स्थिर ठेवले की ताठरपणा वाढतो, स्नायू झिजतात आणि कामावर परतणं आणखी लांबतं. मग पाठीवर क्ष-किरणांचे उपचार आले. वेदना खरोखर कमी व्हायच्या. १९५७ साली कोर्ट ब्राऊन आणि डॉल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून, अशा उपचारांनंतर रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं दाखवलं. त्यानंतर व्यायाम आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाच मुख्य आधार राहिला.

सर्वांत जास्त नुकसान मात्र निदानाच्या निकषांनी केलं, असं आम्हाला वाटतं. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत कमरेमागच्या सेक्रोइलियाक सांध्यातले बदल एक्स-रेमध्ये दिसणं आवश्यक होतं. ते बदल दिसायला अनेक वर्षं जातात. आजार बहुधा विशी-तिशीत, म्हणजे नोकरी लागण्याच्या वयात सुरू होतो. ती सगळी वर्षं हातात निदानाचा कागद नसताना काढायची. हा पुरुषांचा आजार, ही समजूत रूढ असल्याने स्त्रियांचं निदान तर आणखी लांबायचं. १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला आजाराचा संबंध सापडला, पण ही चाचणी एकटी निदान करू शकत नाही. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या सुजेला २००९ च्या निकषांत स्थान मिळालं, तेव्हा कुठे एक्स-रे 'नॉर्मल' असलेल्यांचा आजार मोजला जाऊ लागला.

२००० नंतर आलेल्या टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांमुळे अनेकांना कामावर टिकता आलं. ती सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते.

कामाच्या सोयी मात्र साध्या आहेत: सुरुवातीची वेळ तासभर पुढे, दर अर्ध्या तासाला उठण्याची मुभा, डोळ्यांच्या पातळीवर स्क्रीन. मान वळत नसेल तर गाडीला जादा आरसे हवेत. मणके जुळलेला कणा किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो, म्हणून पडल्यानंतर नवं दुखणं सुरू झालं आणि एक्स-रे स्वच्छ आला, तरी सीटी किंवा एमआरआय होईपर्यंत त्या माणसाला कामावर पाठवू नये.