पार्श्वभूमी : दोनाबेतला भात परंपरेत कधी आला?

जाड बुडाच्या, घुमटी झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला जपानी भात हल्ली ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून शिकवला आणि वाढला जातो. या भांड्याचे नाव दोनाबे. भांडे जुने आहे, यात वाद नाही. पण त्यात रोजचा भात रांधण्याची जी पद्धत आज सांगितली जाते, ती इलेक्ट्रिक कुकरपेक्षा वयाने लहान आहे. शिवाय बाजारातल्या बहुतेक दोनाबेंच्या मातीत आफ्रिकेतून आणलेले खनिज मिसळलेले असते.

लांबचा काळ थोडक्यात. जपानात मातीची भांडी भाताच्या हजारो वर्षे आधीपासून आहेत. जोमोन या प्रागैतिहासिक काळातली काही खापरे 15,000 वर्षांहून जुनी आहेत. खाचरातली भातशेती कोरियाच्या वाटेने क्यूशू बेटावर पोहोचली ती त्यानंतर कितीतरी उशिरा. आधी तांदूळ उभट मडक्यांत शिजे. मग पाचव्या शतकाच्या सुमारास बंदिस्त चूल आली, तिच्याबरोबर तळाला भोके असलेले कोशिकी हे वाफवण्याचे भांडे आले आणि भात वाफवला जाऊ लागला. एदो काळापर्यंत (सतरावे ते एकोणिसावे शतक) हे सगळे मागे पडून घरोघरी हागामा, म्हणजे भाताचे लोखंडी भांडे, स्थिरावला. हागामाच्या कमरेभोवती धातूची कड असते. ती चुलीच्या तोंडावर टेकते आणि गोल बूड थेट जाळावर राहते. वर जाड लाकडी झाकण, वाफेने सहजी उचलले जाणार नाही इतके वजनदार.

आपण आधण ठेवून तांदूळ वैरतो, कोकणात जास्तीचे पाणी वेळून पेज काढतो. हागामाची रीत वेगळी. तांदूळ मोजून थंड पाण्यात घालायचा, पाणीही मोजूनच, आणि शेवटी भांड्यात पाण्याचा थेंब उरता कामा नये. आधी उकळणे, मग वाफेवर मुरणे, शेवटी बुडाशी किंचित भाजणे, हे तिन्ही एकाच झाकणाखाली. ‘सुरुवातीला मंद, मग धडधडीत, तान्हे बाळ रडले तरी झाकण काढू नको’ या अर्थाची ओळ जपानात सगळ्यांना पाठ असते. दोनाबेच्या पाककृतींत ती हमखास छापलेली दिसते. पण ती ओळ लाकडाच्या चुलीवरच्या हागामाची आहे. मातीच्या भांड्याचे काम तेव्हा दुसरे होते: आजाऱ्यासाठी मऊ पेज, हिवाळ्यात रस्सा आणि भाज्यांचे गरम पातेले. सणासुदीला किंवा पाहुण्यांपुरता त्यात भात होतही असेल, पण घरातला रोजचा भात लोखंडाचा होता.

डिसेंबर 1955 मध्ये एका विद्युत कंपनीने स्वयंचलित भाताचा कुकर बाजारात आणला आणि पहाटे उठून जाळ सांभाळण्याचे बायकांचे काम संपले. त्याची युक्ती साधी होती. भांड्यात भांडे, आणि बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी. ते पाणी आटायला साधारण 20 मिनिटे लागत. आटले की तापमान 100 अंशांच्या वर चढे आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडी. ही 20 मिनिटे मनाने ठरवलेली नव्हती. तांदळातला स्टार्च आतपर्यंत शिजायला साधारण 98 अंशांवर तेवढा वेळ लागतो. भात बनवणारे कुठलेही जपानी भांडे पाहा, सगळी कसरत याच एका आकड्यासाठी असते.

कुकरने हागामाला घराबाहेर काढले. दोनाबे मात्र राहिले, कारण त्याचे काम भाताचे नव्हतेच. त्याच्यापुढचे संकट होते गॅस. निखाऱ्यांवर हळूहळू तापायची सवय असलेली माती गॅसच्या थेट ज्योतीवर तडकू लागली. इथे मिए प्रांतातल्या योक्काइची गावाने घेतलेला निर्णय या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

योक्काइचीची भांडी बांको नावाने ओळखली जातात. अठराव्या शतकात एका व्यापाऱ्याने सुरू केलेली ही परंपरा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारागिरांनी मातीत पेटालाइट मिसळायला सुरुवात केली. हे लिथियमचे खनिज, आणि ते येई दक्षिण ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतून. मातीचे भांडे तडकते ते ज्योतीखालचा भाग फुगतो आणि बाकीचा फुगत नाही म्हणून. पेटालाइट घालून भाजलेली माती तापल्यावर जवळपास फुगतच नाही, त्यामुळे ताण पडण्याचा प्रश्नच मिटतो. मिश्रणात या खनिजाचे प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे नावाला चिमूटभर घातलेले नाही. परिणाम असा की आज जपानात बनणाऱ्या दोनाबेंपैकी सुमारे 80 टक्के योक्काइचीची असतात आणि ती स्वस्त, टिकाऊ, रोज वापरता येण्याजोगी आहेत.

मग हे ‘स्थानिक मातीचे’ भांडे म्हणायचे का? शुद्धतेचे आग्रही याला नाक मुरडतात आणि शेजारच्या इगा या कुंभारकामाच्या गावाकडे बोट दाखवतात. इगाची माती हे खरेच नवल आहे. सुमारे 40 लाख वर्षांपूर्वी बिवा या जपानातल्या सर्वांत मोठ्या सरोवराचा पूर्वज त्या जागी होता. त्याच्या तळाच्या गाळात झाडापाल्याचे आणि जिवांचे अवशेष आहेत. भट्टीत ते जळून जातात आणि मातीत बारीक पोकळ्या उरतात. म्हणून इगाचे भांडे सावकाश तापते आणि सावकाश निवते, आणि त्यात बाहेरचे काही मिसळावे लागत नाही. पण ते पाणी पिते, नाजूक असते, महागही पडते. सरकारदरबारी मात्र दोन्ही पारंपरिक कला ठरल्या: योक्काइची 1979 मध्ये, इगा 1982 मध्ये. गंमत म्हणजे आयात खनिजवाल्याला दर्जा आधी मिळाला. माझे मत योक्काइचीच्या बाजूचे आहे. त्यांनी मिश्रण बदलले नसते तर गॅसच्या काळात मातीचे भांडे सामान्य स्वयंपाकघरातून बहुधा हागामाच्याच वाटेने गेले असते, आणि मग इगाच्या भांड्याचे कौतुक करायला गिऱ्हाईकही उरले नसते.

भात दोनाबेत खऱ्या अर्थाने शिरला तो 2000 च्या सुमारास. इगातल्या एका जुन्या भट्टीने खास भातासाठी दोन झाकणांचे भांडे काढले. तीन गो तांदूळ (एक गो म्हणजे 180 मिलिलिटरचे माप, वजनाने सुमारे 150 ग्रॅम) आणि साधारण 600 मिलिलिटर पाणी. तांदूळ धुऊन वीस मिनिटे ते अर्धा तास भिजवायचा, मध्यम ते मोठ्या आचेवर ठेवायचा. बारा-तेरा मिनिटांनी वरच्या भोकातून वाफेचा सोट निघतो. मग एक-दोन मिनिटे थांबून गॅस बंद, आणि वीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. आच मध्येच कमी-जास्त करायची गरज नाही, उतूही जात नाही. पाठ असलेल्या त्या ओळीतले ‘आधी मंद, मग धडधडीत’ माणसाला करावेच लागत नाही. जाड माती मुळात हळू तापते, ते काम तिच्यावर सोपवलेले असते. 98 अंशांची 20 मिनिटेही बरीचशी गॅस बंद केल्यावर, बुडात साठलेल्या उष्णतेवर भागतात. आच मिनिटभर वाढवली तर तळाशी ओकोगे धरतो, म्हणजे आपली खरवड, आणि तिच्यावरून पंगतीत होणारी भांडणेही तशीच.

नवे भांडे आधी मुरवावे लागते. त्यात पातळ पेज शिजवून तशीच निवू देतात, म्हणजे स्टार्च छिद्रांत बसतो. मातीची हंडी वापरणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तांदळाचे मात्र पाहावे लागते. चिकटपणा कमी-जास्त ठरतो तो अमायलोज या स्टार्चमधल्या घटकावर; तो जितका कमी तितका भात चिकट. जपानी तांदळात तो 20 टक्क्यांच्या आत असतो, आपल्या फडफडीत भाताच्या जातींत बराच जास्त. इंद्रायणी चालतो; बासमती घालून दोनाबेला दोष देऊ नये.

या भांड्याचा बोलबाला झाल्यावर कुकरवाले गप्प बसणार नव्हते. 2006 मध्ये एका कंपनीने इंडक्शन कुकरच्या आत चक्क योक्काइचीत भाजलेले मातीचे भांडे बसवले. ज्या यंत्राने चूल घालवली तेच आता मातीची जाहिरात करू लागले. उलट साध्या दोनाबेची वाट अवघड झाली. ऑक्टोबर 2008 पासून जपानात घरगुती शेगडीच्या प्रत्येक बर्नरवर तापमान ओळखणारा सेन्सर सक्तीचा झाला, आणि कोरडे, फार तापलेले बूड दिसले की तो ज्योत कमी करतो किंवा विझवतो. नुसती माती इंडक्शनवर तापतच नाही, म्हणून बुडाला चांदीचा पातळ थर देण्याचे प्रयोग आले.

आणि मग 2022. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीमुळे लिथियमचे भाव भडकले. पेटालाइट जिथून येई ती झिम्बाब्वेतली खाण एका चिनी कंपनीने विकत घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या सरकारने प्रक्रिया न केलेल्या लिथियम खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. साठ वर्षांहून अधिक काळ बिनबोभाट येणारा माल अचानक दुर्मीळ झाला. तेव्हापासून योक्काइचीत पेटालाइट कमी करून किंवा वगळून तशीच न तडकणारी माती जमते का, याची खटपट सुरू आहे. बॅटरीवाल्यांना जो भाव परवडतो तो काही हजार येनांना पातेले विकणाऱ्या भट्टीला परवडत नाही. इगाचे तीन गोंचे भांडे दहा हजार येनच्या पुढेच जाते, तेव्हा स्वस्त दोनाबेची जागा ते भरून काढेल, अशीही चिन्हे नाहीत.