रिव्हर्ब इन्सर्टवर टाकायचा की सेंडवर?

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, रीपर घ्या, लॉजिक घ्या नाहीतर एबलटन, ट्रॅकला प्लगिन (आवाजावर काम करणारा छोटा प्रोग्राम, जसा खोलीसारखी घुम देणारा रिव्हर्ब) लावायचे रस्ते दोनच, इन्सर्ट आणि सेंड, आणि नवीन माणूस सगळंच इन्सर्टवर टाकून मोकळा होतो.

इन्सर्टमध्ये ट्रॅकचा अख्खा आवाज प्लगिनमधूनच जातो. ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा), गेट (बारीकसारीक आवाज बंद करणारा), डी-एसर (टोचणारा 'स' दाबणारा) इथलेच, कारण गाण्यातला 'स' टोचतोय तर तो कमीच करायचाय, टोचणारा आवाज शेजारी चालू ठेवून काय उपयोग.

सेंडमध्ये मूळ आवाज आपला सरळ मास्टरकडे (जिथे सगळे ट्रॅक एकत्र होतात) जातोच, फक्त त्याची कॉपी दुसऱ्या ट्रॅकवर जाते (एबलटनमध्ये रिटर्न, लॉजिकमध्ये ऑक्स, रीपरमध्ये साधा ट्रॅकच) आणि प्लगिन तिथे बसतो. आता गाणं (म्हणजे गायकाचा आवाज), कोरस, पेटी, ढोलकी असे चार ट्रॅक आहेत आणि चौघांवर वेगवेगळा रिव्हर्ब इन्सर्ट केला तर सीपीयू रडतोच, वर चौघं चार खोल्यांत बसून वाजवतायत असं ऐकू येतं. त्यापेक्षा एकच रिव्हर्ब ठेवा, गाण्याचा सेंड जास्त, ढोलकीचा नावापुरता. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्या रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून 250-300 हर्ट्झच्या खालचं कापून टाकता येतं, मग ढोलकीच्या धुमचा गाळ रिव्हर्बमध्ये जातच नाही आणि मूळ ढोलकी मात्र जशीच्या तशी दणदणीत राहते.

सेंडवरच्या रिव्हर्बचा वेट (रिव्हर्बचा आवाज) 100 टक्के आणि ड्राय (मूळ आवाज) शून्य, हे आधी बघा. नाहीतर मूळ आवाज दोनदा येतो, सेंड वाढवला की रिव्हर्बसोबत गाणंही मोठं होतं आणि माणूस फेडरशी (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) झटापट करत बसतो. इन्सर्टवर बरोब्बर उलटं, तिथे वेट 100 केला तर गाणं गायब, नुसती रिव्हर्बची शेपूट उरते.

सेंड पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे कॉपी फेडरच्या नंतर निघते, बहुतेक ठिकाणी डिफॉल्ट तोच असतो. प्री-फेडर केलात तर गाण्याचा फेडर पार खाली आणला तरी रिव्हर्ब मागे घुमतच राहणार. प्री-फेडरचं खरं काम रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाला हेडफोनमध्ये वेगळा मिक्स द्यायला.

बाकी गिटारचा स्प्रिंग रिव्हर्ब टोनचाच भाग असेल तर खुशाल इन्सर्ट करा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) एरवी इन्सर्टवर, पण ढोलकीची कॉपी सेंडवर पार चेपून खालून हळूच मिसळली की मूळ थाप शाबूत राहून अंगही भरतं, त्याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात. नुसत्या ईक्यूच्या बाबतीत मात्र असला प्रकार शक्यतो नको, दोन्ही कॉप्यांची फेज (लहरींचं पुढेमागे असणं) नीट जुळली नाही तर आवाज पोकळ होऊ शकतो.