राष्ट्रपती भवन पाहू इच्छिणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

दिल्लीच्या सहलीत राष्ट्रपती भवन आतून पाहायला मिळते का, असे जवळजवळ प्रत्येक कुटुंब आम्हाला विचारते. अवश्य मिळते; मात्र राष्ट्रपतींचे निवासस्थान आणि कार्यालय तेथेच असल्यामुळे भेटीची वेळ आगाऊ आरक्षित करावी लागते आणि येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची माहिती त्याच वेळी भरावी लागते.

सर्वांत मोठा खोळंबा होतो तो या माहितीमुळेच. आम्ही नावे मागवली की ‘बाळासाहेब आणि मंडळी, एकूण सहा’ असा निरोप येतो. घरीदारी ज्यांना बाळासाहेब म्हणतात त्यांच्या आधार कार्डावर दत्तात्रय असते, आणि प्रवेशद्वारावर ताडून पाहिले जाते ते कार्डावरचे नाव. विवाहित भगिनींनी तर विशेष काळजी घ्यावी, कारण एका ओळखपत्रावर सासरचे आणि दुसऱ्यावर अजून माहेरचे नाव असणे आपल्याकडे सर्रास आढळते. ज्या ओळखपत्रावरून नोंदणी केली तेच, आणि मूळ स्वरूपात, जवळ ठेवावे. झेरॉक्सवर विसंबू नये. आमच्या एका गटातील काकूंचे कार्ड हॉटेलातील दुसऱ्या पर्समध्ये राहिले आणि ते आणेपर्यंत भेटीची वेळ उलटून गेली.

म्हणूनच प्रत्येकाच्या ओळखपत्राचे छायाचित्र हाती आल्याखेरीज आम्ही आरक्षण करत नाही. हा काटेकोरपणा काहींना जाचक वाटतो, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु घरातील एका ज्येष्ठाला दाराबाहेर ठेवून बाकीच्यांना आत नेणे आम्हाला अधिक जड जाते. शासकीय समारंभामुळे भेटी ऐन वेळी रद्दही होऊ शकतात, त्यामुळे आम्ही हा कार्यक्रम सहलीच्या आरंभी ठेवतो, जेणेकरून दुसरी वेळ मिळवण्यासाठी प्रयत्न करायला दिवस हाताशी राहतात.

अमृत उद्यान, म्हणजे पूर्वीचे मुघल गार्डन, पाहण्याची व्यवस्था वेगळी असते. वसंतात ते खुले होते तेव्हा उद्यानाची नोंदणी झाली म्हणजे भवनही पाहता येईल, असे कृपया समजू नये.

एवढी खटपट सार्थकी लागावी असेच ते स्थळ आहे. एडविन ल्युटेन्स यांनी आखलेली ही ३४० खोल्यांची वास्तू १९२९ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या घुमटावर सांचीच्या स्तूपाची छाया स्पष्ट दिसते. दरबार हॉलला २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी तेथेच झाला. तेथील गुप्तकालीन बुद्धमूर्तीसमोर क्षणभर थांबावे, आणि खांबांच्या माथ्याशी कोरलेल्या दगडी घंटा आवर्जून पाहाव्यात, कारण त्या सहसा नजरेतून सुटतात. भेटीच्या आदल्या सायंकाळी आमचे मार्गदर्शक या सर्व गोष्टींची माहिती मराठीतून देतात आणि त्याच बैठकीत प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र स्वतः पाहून घेतात, तरी त्या बैठकीस येताना ते सोबत आणावे.