जुन्या गाडीचं इंजिन गरम होणं : कारण कसं शोधायचं

इंजिन प्रमाणाबाहेर गरम होत असेल तर कूलिंग सिस्टीममधला नेमका कुठला भाग बिघडलाय हे लक्षणांवरून आणि साध्या टेस्ट करून ओळखणं, हा जुनी गाडी सांभाळणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा विषय आहे. या सिस्टीममध्ये रेडिएटर आणि त्याचं झाकण, वॉटर पंप (गॅरेजमध्ये याला वॉटर बॉडी म्हणतात), थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), होज पाईप, फॅन आणि टेंपरेचरचा सेन्सर एवढ्या गोष्टी येतात. पुण्यात मार्चपासून मेपर्यंत हा त्रास जास्त दिसतो, कारण ऊन असतंच, त्यात सिंहगड रोडला किंवा हडपसरला गाडी रांगेत उभी राहते आणि सुट्टीत साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीचा चढ लागतो.

बहुतेक वेळा होतं असं की टेंपरेचरचा काटा वर गेला की आधी रेडिएटर बदलला जातो, मग वॉटर बॉडी, मग वॉल, आणि पैसे जाऊनही गाडी गरम होतेच. पार्ट बदलण्याआधी गाडी कधी गरम होते ते विचारायला पाहिजे, निम्मं उत्तर तिथंच मिळतं. सिग्नलला काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, म्हणजे संशय फॅनवर. ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाटात किंवा हायवेला स्पीडमध्ये गरम होते, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोक झालाय (आतून तुंबलाय). थंड गाडी चालू केल्यावर पाचेक मिनिटांतच काटा वर जातो तेव्हा वॉल बंद अवस्थेत अडकलेला असतो, एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) असतो नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं असतं. आणि दर आठवड्याला पाणी टाकावं लागतंय तर आधी लीकेज शोधायचं, बाकी सगळं नंतर.

काट्यावर मात्र पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो, त्यामुळे चढलेला काटा एकदम पडला तर हायसं वाटून न घेता गाडी बाजूला घ्यावी.

रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण ०.९ बारचं झाकण कुकरसारखं प्रेशर धरून ठेवतं म्हणून आत साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हे प्रेशर टिकत नाही, पाणी शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं आणि तिथून बाहेर. झाकणात मधोमध एक छोटा वॉल असतो, गाडी थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो, तो चिकटला तर सकाळी वरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, निदान अर्धा तास तरी थांबायचं.

मारुती ८०० सारख्या गाडीत फॅन इलेक्ट्रिक असतो. त्याचं कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट वायर द्यायची, फिरला तर मोटर चांगली आहे, मग फ्यूज, रिले आणि थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) बघायचे. अँबॅसिडरसारख्या गाडीत फॅन बेल्टवर फिरतो, तिथं बेल्ट ढिला आहे का एवढं बघितलं तरी चालतं.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, पाणी गरम करत थर्मामीटर बघायचा. बऱ्याच गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. पुष्कळ ठिकाणी गाडी गरम होते म्हणून वॉल काढूनच टाकतात, हा उपाय चुकीचा आहे कारण मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष झाकला जातो.

रेडिएटर चोक होण्यामागं बऱ्याचदा बोअरचं पाणी असतं. त्यातले क्षार नळ्यांमध्ये बसतात, शिवाय कूलंट (पाण्यात मिसळायचं गंजरोधक द्रव) नसल्यानं गंज धरतो. गाडी तापलेली असताना फॅन बंद करून, फिन्सवर (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर) हात न टेकवता जवळून फिरवला तर जिथं थंड लागतं तो भाग चोक आहे असं समजायचं (इलेक्ट्रिक फॅनचं कनेक्टर आधी काढावं, तो गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो). एसीच्या गाडीत कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, पानं, किडे साचतात, बाहेरून काहीच दिसत नाही. वॉटर बॉडीचं सील गेलं की तिच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकतं, कूलंट असेल तर तिथं रंगीत डाग सुकलेला दिसतो.

सगळं बदलूनही पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. पूर्ण थंड इंजिन झाकण उघडून चालू करायचं, बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणं, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसणं ही पण त्याचीच लक्षणं. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल तर लगेच घाबरू नये, पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळच फिरत असली की दमटपणामुळं तसं होतं. गॅस्केट बदलताना हेडवर सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) लावून ते तपासून घ्यावंच, अल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असलं तर फेस मारल्याशिवाय (मशीनवर सपाट केल्याशिवाय) नवं गॅस्केटही थोड्याच दिवसांत उडतं.