स्वस्त बेस गिटार आली कुठून

१९५१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस ही खालच्या सुरांची विजेची गिटार बाहेर पडली. छापील किंमत १९९ डॉलर ५० सेंट. त्याआधी १९३० च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी ऑडिओव्हॉक्स नावाने फ्रेट असलेली विजेची बेस विकायला काढली होती, पण ती फार थोड्यांपर्यंत पोहोचली. फेंडरच्या बेसचं तसं झालं नाही. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागणारं आणि ट्रम्पेट सुरू झाले की दबून जाणारं वाद्य. त्याऐवजी खांद्याला अडकवता येईल, ॲम्प्लिफायरला जोडता येईल असं वाद्य मिळालं. सतारीला पडदे असतात तसे फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन.

किमतीच्या कहाणीत मात्र महत्त्व आहे ते बांधणीला. ॲश लाकडाची सपाट बॉडी, मेपलचा नेक, म्हणजे फ्रेट बसवलेली लांब मान, आणि दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेले. डिंक नाही, कोरीवकाम नाही, व्हायोलिनसारखी घुमटाकार फळी नाही. भाग वेगवेगळे कापायचे, रंगवायचे आणि शेवटी एकत्र आवळायचे. हे वाद्य मुळातच कारखान्यासाठी आखलेलं होतं. ज्याच्याकडे राउटर (लाकूड कोरायचं यंत्र), करवत आणि फ्रेट ठोकायचं साधन आहे, त्याला ते जगात कुठेही बनवता येतं. पुढच्या सत्तर वर्षांत झालं ते हेच.

१९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप आला. पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारं, चुंबकाभोवती वेटोळं गुंडाळलेलं साधन. एकेक तुकडा दोन तारांखाली आणि दोघांची गुंडाळी उलट, त्यामुळे विजेची घरघर एकमेकींना मारते. १९६० मध्ये जॅझ बेस आली: दोन लांबट पिकअप, आणि नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा बसवणाऱ्या खाचांच्या पट्टीपाशी, जेमतेम ३८ मिमी रुंद नेक. प्रिसिजनचा नेक तिथे ४१ ते ४४ मिमी असतो. दोघींची तारेची मोजणी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंतची) लांबी, ३४ इंच. आज दुकानात स्वस्त म्हणून जे काही टांगलेलं असतं, त्यातलं बहुतेक या दोन आराखड्यांपैकी एकाचं किंवा दोघांच्या मिश्रणाचं असतं. पुढे प्रिसिजनचा आणि मागे जॅझचा पिकअप, अशा मिश्रणाला पीजे म्हणतात.

आखूड मोजणीच्या बेसचा वंश वेगळा. जर्मनीच्या हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही १९५० च्या दशकाच्या मध्यात आली. पॉल मॅकार्टनी यांनी ती १९६१ मध्ये हॅम्बर्गला सुमारे ३० पौंडांना घेतली, कारण फेंडरची किंमत साधारण १०० पौंड होती आणि तेवढे पैसे नव्हते. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्या हातात ती विचित्रही दिसत नव्हती. अमेरिकेत डॅनेलेक्ट्रोने तर लाकडाच्या चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचे तक्ते लावले आणि पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवले. ३० इंची बेस लहान हातांना सोपी जाते, पण जाड ई तार तिच्यावर ढिली वाटते. ही तार सेकंदाला फक्त ४१ वेळा कंप पावते, आणि तो सूर स्वच्छ निघायला ताण लागतो.

जपानची वीस वर्षं

जपानी कारखान्यांनी १९६० च्या दशकात स्वतःच्या आकारांच्या गिटारी पाश्चात्त्य दुकानांत ओतल्या आणि १९७० च्या दशकात सरळ नकला करायला घेतल्या. नागोयाची होशिनो कंपनी आयबानेझ हे नाव वापरत होती, आणि तिच्यासाठी बरंचसं काम मात्सुमोतोचा फुजिगेन हा १९६० मध्ये सुरू झालेला कारखाना करायचा. तोकाई आणि ग्रेको यांच्या नकला इतक्या सफाईदार झाल्या, की त्या काळातल्या अमेरिकन मूळ वाद्यापेक्षा त्यांचे सांधे घट्ट बसत. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १३ दशलक्ष डॉलरना विकत घेतली होती, आणि सत्तरच्या दशकातल्या तिथल्या मालाबद्दल वाजवणाऱ्यांच्या तक्रारी वाढत होत्या.

याच काळाने जुन्या वाद्यांच्या बाजाराला एक चुकीचा शब्द दिला: ‘लॉसूट बेस’, म्हणजे खटल्यातली बेस. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने होशिनोच्या अमेरिकन शाखेवर दावा केला. तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, वरच्या कडेच्या आकाराबद्दल होता आणि १९७८ मध्ये आपसात मिटला. फेंडरच्या बेसशी त्याचा संबंध नव्हता. तरी सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी जॅझ बेस या शब्दाखाली चढ्या भावाने विकायला येते. या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

फेंडरने शेवटी नकला करणाऱ्यांशी भांडण्याऐवजी त्यांनाच काम दिलं. १९८२ मध्ये कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या व्यापारी कंपन्यांबरोबर फेंडर जपान उभी राहिली. बनवणारा फुजिगेन. स्वस्त नाव म्हणून स्क्वायर निवडलं गेलं. ती मुळात तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी, फेंडरने १९६५ मध्ये घेतलेली. जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या त्या पहिल्या स्क्वायर बेसना आज संग्राहकांचा भाव आहे आणि तो योग्य आहे. १९८५ मध्ये सीबीएसने कंपनी तिथल्याच व्यवस्थापकांना विकली तेव्हा फुलर्टनचा कारखाना सौद्यात नव्हता. काही काळ फेंडरचा माल प्रामुख्याने जपानहूनच येत होता.

एक करार आणि पुढचा प्रवास

२२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. त्या वेळी एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत. १९८७ च्या सुरुवातीला सुमारे १५० मिळू लागले. जपानमध्ये कुणाचंही कसब कमी झालं नव्हतं, पण तीच बेस अमेरिकेत दीडपट महाग पडू लागली. स्वस्त माल दोन-तीन वर्षांत कोरियाला गेला: यंग चांग, सॅमिक, कॉर्ट. त्या काळातल्या बऱ्याच कोरियन बेसची बॉडी प्लायवूडची आहे. ओळखायची तर पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) काढा आणि पिकअपसाठी खोदलेल्या खाचेची कड पाहा. रंगाखाली थरांच्या समांतर रेषा दिसतात. प्लायवूड वाजत नाही असं नाही, पण नेकचे स्क्रू दोन-चार वेळा काढघाल केले की भोकं सैल होतात.

याच सुमारास, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, फेंडरच्या स्क्वायर टू आणि सन या नावांच्या काही इलेक्ट्रिक गिटारी भारतातही बनल्या. तो प्रयोग टिकला नाही. भारतात १९९१ पर्यंत परवाना आणि जबर आयातशुल्क यांमुळे परदेशी बेस नातेवाइकांच्या सामानातून किंवा जहाजावर काम करणाऱ्यांकडून यायची, नाहीतर गिवसन, हॉबनर अशा कोलकात्याच्या वाद्यांवर भागवावं लागायचं. मुंबईत आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस घरोघर ऐकली जात होती, त्या काळातही शिकणाऱ्या पोराला धड बेस मिळणं दुरापास्त होतं.

कोरियात मजुरी वाढली तसं काम इंडोनेशिया आणि चीनकडे सरकलं. कॉर्टचा सुराबायाचा कारखाना आज अनेक नावांची वाद्यं बनवतो. यामाहाचा स्वतःचा कारखाना इंडोनेशियात आहे, एपिफोनचा चीनमध्ये. या स्थलांतराची किंमत माणसांनी मोजली, हे स्वस्त वाद्य हातात घेताना ठाऊक असावं. कॉर्टने २००७ मध्ये कोरियातले कारखाने बंद केले आणि काढून टाकलेल्या कामगारांनी तब्बल बारा वर्षं लढा दिला. तडजोड झाली एप्रिल २०१९ मध्ये.

स्वस्त बेस खऱ्या अर्थाने सुधारली ती संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रांमुळे. बॉडीत नेक बसायचा खाचा, फ्रेटच्या चिरा, ब्रिजची भोकं ही कामं यंत्र हजाराव्या वाद्यावरही पहिल्यासारखीच करतं. म्हणून आजच्या स्क्वायर ॲफिनिटी, आयबानेझ जीएसआर किंवा यामाहा टीआरबीएक्स १७४ मध्ये नेक वाकडा बसलेला क्वचितच सापडतो. पैसा वाचवला जातो तो यंत्रानंतरच्या हातकामात: फ्रेटची टोकं घासणं, नटच्या खाचा खोल करणं, लाकूड पुरेसं वाळू देणं, शेवटची तपासणी. २००७-०८ च्या सुमारास स्क्वायरने व्हिंटेज मॉडिफाइड आणि क्लासिक व्हाइब या मालिका काढल्या. त्यांचा वरचा दर मुख्यतः बऱ्या पिकअपसाठी आणि हातकामासाठी होता, आणि माझ्या मते जुन्या बाजारात आजही सगळ्यात मोलाचा सौदा त्यांच्यातच मिळतो. २०१९ मध्ये दोन्ही एका नावाखाली आल्या आणि क्लासिक व्हाइबचं काम चीनहून इंडोनेशियाला गेलं.

लाकडाचाही एक टप्पा आहे. २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रं लागू लागली. तयार वाद्यांना सूट मिळाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात स्वस्त बेसच्या फिंगरबोर्डवर (फ्रेट ठोकलेल्या पट्टीवर) भारतीय लॉरेल आलं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. तो रोझवूडपेक्षा फिका, रेषांचा आणि कोरडा दिसतो. दिसण्यावरून त्याला कमी लेखू नका, अधूनमधून तेलाचा हात मात्र द्या. इंडोनेशियन बेसवरचं सोनोकेलिंग म्हणजे तर आपला शिसवच.

हे सगळं हातातल्या बेसवर कसं वाचायचं

नावापेक्षा कारखाना आणि साल जास्त सांगतात. स्क्वायरच्या क्रमांकात आयसीएस म्हणजे इंडोनेशिया, कॉर्ट, स्क्वायर; पुढचे दोन आकडे सालाचे. आयसीएस१९ म्हणजे २०१९. सीवाय चीनच्या याको कारखान्याचं. ई अक्षरावर विसंबू नका: ऐंशीच्या दशकात ते अमेरिकन, जपानी आणि कोरियन अशा तिन्ही वाद्यांवर आहे. देशाचं नाव वेगळं छापलेलं असतं, ते शोधा. ते खरवडलेलं दिसलं तर सौदा तिथेच थांबवा.

मग बेस सुरात लावा आणि ई तार पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मिमी फट हवी, साधारण एका जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक सुधारणारी सळई, आवळायचा. मालकाच्या परवानगीने पाव फेरा फिरवून पाहा. रॉडच्या टोकाचा स्क्रू आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि नेक तरीही वाकलेला असेल, तर ती बेस कितीही स्वस्त असो, घेऊ नका. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि सर्वांत बारीक ‘जी’ तारेखाली २ मिमी उंची चालते. ब्रिजचे स्क्रू पूर्ण खाली असूनही उंची जास्त राहिली, तर नेकच्या खाच्यात पातळ पट्टी घालावी लागते. ते काम अर्ध्या तासाचं, त्याने सौदा मोडू नये.

पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा आणि बाराव्यावरचा बरोबर असेल, तर दोष नटच्या उंचीचा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्यावर पाहा, तिथे केसाएवढीच फट हवी. नव्या स्वस्त बेसमध्ये ही चूक सर्वांत जास्त आढळते. फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर लाकूड आकसलंय. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात हे उघड होतं, कोकणातल्या पावसाळ्यात लपतं. म्हणून जुलैत गुळगुळीत लागलेला नेक फेब्रुवारीत टोचू शकतो. ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो मात्र या बांधणीचा जन्मदोष आहे. महागड्या फेंडरलाही तो असतो, त्यावर घासाघीस करू नये.

जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला तर घरघर येणारच. दोन्ही पिकअपचा आवाज पूर्ण ठेवल्यावर ती गेली पाहिजे. नाही गेली तर एखादा पिकअप बदललेला आहे किंवा जोडणी उलटी आहे. प्लगला अर्थिंग नसलेल्या घरात कुठलीच बेस तपासू नका. बॅटरीवर चालणाऱ्या बेसमध्ये केबल लावलेली राहिली की ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते, आणि मंद, फाटका आवाज बहुधा तेवढ्यानेच येतो.

भाग बदलून सुधारायचा बेत असेल तर आधी मोजपट्टी काढा. मूळ जॅझचा नेककडचा पिकअप सुमारे ९२ मिमी आणि ब्रिजकडचा ९५ मिमी लांब असतो. काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच लांबीचे असतात, मग नवा जोड बसवायला बॉडी कोरावी लागते. छोट्या आशियाई पॉटचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या, नॉबखालच्या भागाचा) दांडा ६ मिमीचा, दातेरी. अमेरिकन पॉट मोठे, त्यांना भोक वाढवावं लागतं आणि जुन्या नॉब बसत नाहीत. खुंट्यांच्या भोकांचा व्यासही कारखान्यागणिक बदलतो. अशा बदलांचा खर्च विकताना वसूल होत नाही. मूळ भाग डब्यात जपून ठेवा, विकायच्या वेळी ते परत बसवा आणि चांगले पिकअप वेगळे विका. अदलाबदलीत समोरचा ‘एवढे पैसे घातलेत’ म्हणून भाव सांगत असेल, तर मूळ भाग आहेत का ते विचारा. नसतील, तर किंमत त्याच मॉडेलच्या न बदललेल्या बेसपेक्षा कमी धरा.