नवतप्यात पाणी कुणाला पाजायचं?

मे संपता संपता नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो आणि नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घरात तान्हं बाळ असलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "घसा सुकत असेल त्याचा, दोन चमचे पाणी पाजा." माया खरी आहे, पण ते पाणी बाळंतिणीला हवं.

आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत, भर उन्हाळ्यातही, बाळाला वरचं पाणी लागत नाही. ते फक्त जास्त वेळा दूध मागतं: चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, कधी त्याहूनही जास्त. चमच्या-चमच्याने पाणी गेलं की इवलंसं पोट त्यानेच भरतं. मग बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूध तयार होणंही कमी होतं. शिवाय नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना जादा पाणी झटपट बाहेर टाकता येत नाही. फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. पाण्यातून होणारे जुलाब वेगळेच. ग्लुकोजचं पाणी, मध, गुटी यांनाही हेच लागू.

दूध पुरतंय की नाही, हे लंगोट सांगतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. डायपरमध्ये ही मोजणी हुकते, म्हणून दिवसा सुती लंगोटच बरे. पहिल्या एक-दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत असेल, तर दूध कमी पडतंय. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, पण जन्मवजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे 3 किलोचं बाळ 2.7 च्या खाली गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. वजन बाळाचे कपडे काढून आणि दर वेळी त्याच काट्यावर करावं, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

आता बाळंतीण. "पाणी कमी प्या, नाहीतर पोट सुटेल" हा सल्ला उन्हाळ्यात घातकच म्हणायचा. सव्वा महिना खिडक्या बंद, डोक्याला फडकं, खाटेखाली शेगडी, हे नकोच. मे महिन्यात तर मुळीच नाही. बाळ पाजायला घेतलं की आईच्या हाताशी पाण्याचा मोठा पेला असावा. मधूनमधून ताक, आंबील, लिंबू सरबत द्यावं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. शेजारणींना मदत करायचीच असेल, तर पाणी भरून द्यावं, दुपारचा डबा आणावा, थोरल्या लेकराला अंगणवाडीत पोचवावं. लाडू नंतर आणले तरी चालतील.

कुलर लावायला हरकत नाही, पण झोत बाळाच्या अंगावर नको आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवी. खोली बंद असली की दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि कुलर असून जीव घाबरा होतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर त्याला थंडी वाजतेय, आईच्या छातीशी घ्या.

अंग तापलेलं वाटलं तर डिजिटल थर्मामीटर काखेत धरा. 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर दुपटी काढा, बाळाला गार खोलीत न्या, पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ताप तसाच राहिला तर दवाखाना गाठा. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, टाळू खोल गेली असेल किंवा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असतील (पूर्ण मिनिट मोजा), तर अर्धा तासही थांबू नका. 108 ला फोन करा. डागा, मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल तिथे न्या. ओढत असेल तर वाटेतही पाजत राहा.